महिला चित्रपट महोत्सव

ज्या फिल्म फेस्टिवलमध्ये बायकांनी बनवलेले सिनेमे दाखवले जातात त्याला महिला चित्रपट महोत्सव म्हणतात. बायकांवरचा सिनेमा वेगळा आणि बाईने केलेला सिनेमा वेगळा, आणि लोक इथेच गडबड करतात. नागपूरकराला हा फरक समजायला लांब जायची गरज नाही. 2004 च्या ऑगस्टमध्ये इथल्या जिल्हा कोर्टात, भर दिवसा, एका गुंडाला जमावाने ठार मारलं आणि त्याच्या त्रासाला कंटाळलेल्या कस्तुरबा नगर वस्तीतल्या बायांचं नाव देशभर गेलं (पुढे आरोपी सुटले), त्यावर 2021 मध्ये '200 हल्ला हो' आला, 2022 मध्ये नेटफ्लिक्सवर डॉक्युमेंट्री सिरीज आली, पहिल्याचे दिग्दर्शक सार्थक दासगुप्ता, दुसरीचे उमेश कुलकर्णी. म्हणजे गोष्ट नागपूरच्या बायांची, पण कॅमेऱ्यामागे दोन्ही वेळा पुरुषच. ते वाईट काम करतात असं म्हणणं नाही. पण नागपूरचा दिग्दर्शक कोण म्हटलं की कुणीही झटकन राजकुमार हिराणी सांगतं, आणि नागपूरची दिग्दर्शिका कोण म्हटलं की समोरचा चहाच्या कपात बघायला लागतो. असा फेस्टिवल भरवायचं कारण एवढंच आहे.

सुरुवात बाहेरची आहे. 1972 मध्ये न्यूयॉर्कला आणि त्याच वर्षी एडिनबरोच्या फेस्टिवलात बायकांच्या सिनेमांचे खास कार्यक्रम झाले. 1979 पासून फ्रान्समध्ये पॅरिसजवळ भरणारा फेस्टिवल पुढे क्रेतेईल या गावाच्या नावाने ओळखला जाऊ लागला आणि अजून चालू आहे, सोलमध्ये 1997 ला सुरू झाला, आणि आपल्याकडे दिल्लीत 2005 पासून रेडिओ-टीव्हीत काम करणाऱ्या बायकांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेची भारतातली शाखा आशियाई महिला फिल्म फेस्टिवल घेते.

वेगळा डबा कशाला, असं विचारणारे भेटतातच. लोकल ट्रेनचा लेडीज डबा कशाला हे एकदा गर्दीच्या वेळी चढून बघा म्हणावं. आकड्यांत सांगायचं तर कान महोत्सवाचा सगळ्यात मोठा पुरस्कार, पाम द'ओर, 2025 पर्यंत तीनच दिग्दर्शिकांना मिळाला, 1993, 2021 आणि 2023 मध्ये, आणि त्यातल्या पहिल्या बाईलाही तो दुसऱ्या एका दिग्दर्शकासोबत वाटून घ्यावा लागला. 2024 मध्ये पायल कपाडियाला तिथला दुसऱ्या क्रमांकाचा ग्रां प्री मिळाला तेव्हा आपल्या मेन कॉम्पिटिशनमधल्या 30 वर्षांच्या दुष्काळाची बातमी झाली, आणि त्या सिनेमात आपली छाया कदम होती हे मराठी लोकांनी बरोब्बर लक्षात ठेवलं.

मराठी बाजू बघायची तर 1913 च्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, दोघी मायलेकी पडद्यावर आल्या, त्या काळात बायकांच्या भूमिकासुद्धा पुरुषच करायचे. देशातली पहिली दिग्दर्शिका फात्मा बेगम, 1926. मग सई परांजपे, विजया मेहता, सुमित्रा भावे ही नावं सगळ्यांना माहीत आहेत, सुमित्राताई समाजशास्त्राच्या, 'बाई' नावाच्या छोट्या फिल्मपासून सुरुवात केली आणि सुनील सुकथनकरांसोबतच्या 'कासव'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. पण मला स्वतःला जास्त भारी वाटते ती 'मोलकरीण', 1981 ची, बेंगळुरूच्या युगांतर नावाच्या स्त्रीवादी ग्रुपने पुण्यातल्या घरकामगार बायांच्या संघटनेवर केलेली. याच ग्रुपने निपाणीच्या तंबाखू कामगार बायांवरही फिल्म केली. असल्या फिल्म मल्टिप्लेक्सला कधी लागत नाहीत, टीव्हीवर क्वचित, त्या बघायला मिळतात त्या फेस्टिवलमध्येच.

आणि सिनेमा म्हणजे फक्त दिग्दर्शक नाही. देशाचं पहिलं ऑस्कर 1983 मध्ये आणलं ते कोल्हापूरच्या भानू अथय्यांनी, कपड्यांच्या डिझाईनसाठी. उलट मुंबईत मेकअप आर्टिस्टच्या युनियनचं कार्ड कित्येक दशकं बायकांना मिळतच नव्हतं, बाईने केस करायचे, चेहरा रंगवायचा तो पुरुषानेच असा नियम, आणि तो मोडायला सुप्रीम कोर्टाला नोव्हेंबर 2014 मध्ये निकाल द्यावा लागला. म्हणून चांगल्या फेस्टिवलात एडिटर, साउंडवाल्या, कॅमेरावाल्या यांचेही सेशन ठेवतात, आणि कॉलेजच्या पोरी प्रश्न विचारतात ते तिथेच, "घरचे पाठवतील का" हा प्रश्न हमखास येतो.

आता नागपुरात भरवायचं म्हणजे काय. सेन्सॉर सर्टिफिकेट नसलेल्या फिल्म दाखवायच्या तर माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते, आणि ती सूट घेतली की खिडकीवर तिकीट विकता येत नाही, बघणाऱ्याने डेलिगेट म्हणून नाव नोंदवायचं, म्हणून गळ्यात लटकवायच्या त्या पासची भानगड. फिल्मची परवानगी, काही वेळा स्क्रीनिंग फी, डीसीपी (थिएटरात दाखवायला सिनेमाची जी डिजिटल फाईल लागते ती) चालवणारा प्रोजेक्टर, हे सगळं आलं. डीसीपीचा खर्च झेपला नाही की ऐनवेळी पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावून काम भागवतात आणि मग पडद्यावर खालच्या कोपऱ्यात "बॅटरी कमी आहे" अशी पट्टी दिसते, होते हो हे. हॉल वसंतराव देशपांडे सभागृह घ्या, रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह तर एवढं मोठं की शंभर लोक आले तरी रिकामं वाटतं.

विषयाची मात्र इथे कमी नाही. जुलै 1942 मध्ये नागपुरात अस्पृश्य समाजाच्या बायकांची अखिल भारतीय परिषद भरली होती, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, बाबासाहेब स्वतः तिथे बोलले, समाजाची प्रगती बायकांच्या प्रगतीवरून मोजतो असं त्यांचं म्हणणं, आणि घटस्फोटाचा हक्क, एकापेक्षा जास्त बायका करायला बंदी असले ठराव तिथे झाले. हिंदू कोड बिलाच्या कितीतरी आधी! दीक्षाभूमीला दरवर्षी लाखो लोक येतात, त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या आज्या त्या परिषदेत असतील, पण त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायची वेळ हातातून निसटून राहिली आहे.

सबटायटलचं एक सांगते, कारण आयोजक हे विसरतात. मी एका दुपारी इराणी फिल्मला बसले होते, खाली सबटायटल इंग्रजीत, बाजूच्या काकू मला म्हणाल्या "काय म्हणून राहिली बाई ती?" मी हळूच सांगितलं, मग त्यांनी पुन्हा विचारलं, मग मी अर्धी फिल्म कुजबुजत मराठीत करून सांगत होते, आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "ताई, थोडं जोरात सांगा ना, आम्हालेही ऐकू आलं पाहिजे." तेव्हापासून मी म्हणते, बाहेरची फिल्म आणायची तर मराठी नाहीतर निदान हिंदी सबटायटल लावा, नाही जमलं तर माईकवर एक माणूस बसवा.

वेळही अशीच बघून ठरवावी लागते. 8 मार्च धरून ठेवला तर परीक्षा आणि उन्हाची सुरुवात, मे मध्ये 45 च्या वर पारा जातो तेव्हा कुणी येत नाही, त्यामुळे डिसेंबर-जानेवारी बरा. शो सकाळी 11 ते संध्याकाळी 5 ठेवले तर घरची जेवणं उरकून बायका येऊ शकतात, आठच्या शोला हॉल भरतो तोही पुरुषांनी, कारण बायकांना परतीच्या ऑटोची काळजी असते.