जुन्या पिकअप ट्रकचं रॅक अँड पिनियन रूपांतर

जुन्या पिकअप ट्रकचा मूळचा स्टिअरिंग बॉक्स आणि त्याच्याशी जोडलेले दांडे काढून त्याजागी रॅक अँड पिनियन (दातेरी दांडा आणि त्याला फिरवणारं छोटं दातचक्र) बसवणं म्हणजे हे रूपांतर. हे काम मुख्यतः १९४० ते १९७० च्या दशकांतल्या अमेरिकन पिकअपवर होतं, फोर्ड एफ-१००, शेवरलेच्या ॲडव्हान्स डिझाइन गाड्या (१९४७ ते १९५५), नंतरची सी१० वगैरे. बहुतेकांना वाटतं की यात अवघड भाग म्हणजे रॅक मिळवणं आणि वेल्डिंग करणं, पण खरं काम भूमितीचं आहे, ती चुकली तर नवाकोरा रॅकसुद्धा जुन्या घासलेल्या बॉक्सपेक्षा वाईट चालतो.

जुन्या पद्धतीत स्टिअरिंग फिरवलं की बॉक्समधला वर्म (आट्यांचा दांडा) फिरतो, त्याने बॉक्सबाहेरचा पिटमन आर्म हलतो, तो ड्रॅग लिंक नावाच्या दांड्याला ढकलतो आणि मग चाकं वळतात, म्हणजे मध्ये तीन-चार सांधे आले आणि प्रत्येक सांधा थोडा थोडा घासला की सगळा प्ले (ढिलेपणा) एकत्र होऊन स्टिअरिंगवर येतो. रॅकमध्ये पिनियन थेट दातेरी दांड्यावर फिरतो, दांडा डावी-उजवीकडे सरकतो आणि टोकाचे टाय रॉड चाकं वळवतात, बस एवढंच. मॉरिस मायनरमध्ये हे १९४८ सालीच होतं, फोर्ड पिंटोत १९७१ ला आलं आणि १९७४ ते १९७८ च्या मस्टँग टू मध्येही होतं. या मस्टँगचं पुढचं सस्पेन्शन आटोपशीर असल्यामुळे आजही बाजारात मिळणारे कितीतरी किट त्याच्याच धर्तीवर बनतात. पिकअपमध्ये रॅक बराच उशिरा आला, टू व्हील ड्राइव्ह डॉज डकोटात १९८७ ला आणि एफ-१५० मध्ये २००४ ला.

आता भूमिती. खड्ड्यात किंवा उंचवट्यावर चाक वरखाली होतं तेव्हा ते सस्पेन्शनच्या आर्मनी ठरवलेल्या कमानीत फिरतं आणि टाय रॉडचं टोक आपल्या स्वतःच्या कमानीत. दोन्ही कमानी जुळल्या नाहीत की टाय रॉड चाकाला ओढतो किंवा ढकलतो, तुम्ही स्टिअरिंग हलवलेलंच नसतं तरी चाक वळतं, यालाच बंप स्टिअर म्हणतात. तो टाळायचा तर समोरून बघताना टाय रॉडचा आतला सांधा वरच्या आणि खालच्या आर्मच्या आतल्या पिव्हटना (ज्या बिंदूंवर ते फिरतात त्यांना) जोडणाऱ्या रेषेवर यायला हवा, आणि टाय रॉडची रेषा लांबवली तर दोन्ही आर्मच्या रेषा जिथे मिळतात तिथेच ती जायला हवी. म्हणून रॅकची लांबी, म्हणजे त्याच्या दोन आतल्या सांध्यांमधलं अंतर, हा पहिला प्रश्न. भंगारातून हाताला लागेल तो रॅक उचलून बसवणारे नेमके इथेच फसतात. हे अंतर फार कमी हवं असेल तर टाय रॉड मधोमध जोडले जातात असा रॅक वापरतात, शेवरले कॅव्हेलियरमध्ये तसा होता.

सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे असलेल्या गाडीत तर आणखी पंचाईत, कारण चासीवर रॅक ठोकून दोन्ही चाकांना टाय रॉड दिले तर अख्खा अ‍ॅक्सल रॅकच्या सापेक्ष वरखाली होतो आणि बंप स्टिअर भयंकर होतो. मग एक तर रॅक अ‍ॅक्सलवरच बसवून मध्ये लांब-आखूड होणारा शाफ्ट द्यायचा, किंवा चासीवरच्या रॅकमधून एकच लांब ड्रॅग लिंक पलीकडच्या चाकाला द्यायचा, नाहीतर अ‍ॅक्सल काढून स्वतंत्र सस्पेन्शनचा क्रॉसमेंबर (चासीचा आडवा भाग) वेल्ड करायचा. लोक बहुतेक तिसरा मार्ग घेतात आणि माझ्या मते तोच बरोबर आहे. १९६५ पासूनच्या फोर्डमधल्या ट्विन आय-बीमवर (प्रत्येक चाकाला स्वतंत्र बीम असलेल्या सस्पेन्शनवर) नुसता रॅक लावू नये, ते बीम लांब असतात आणि प्रत्येकाचा पिव्हट गाडीच्या पलीकडच्या बाजूला असतो, त्या कमानीशी आखूड टाय रॉड कधीच जुळणार नाही. त्याऐवजी २००३ ते २०११ च्या फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया कारचा पूर्ण पुढचा क्रॉसमेंबर रॅकसकट घालतात, फक्त तो रुंद असल्यामुळे चाकं जास्त पॉझिटिव्ह ऑफसेटची, म्हणजे जास्त आत बसणारी, लागतात.

दिशेचंही बघावं लागतं. अ‍ॅक्सलच्या मागे बसणारा रॅक आहे तसाच पुढे बसवला तर स्टिअरिंग डावीकडे फिरवल्यावर चाकं उजवीकडे वळतील. शिवाय ट्रकचे स्टिअरिंग आर्म लांब आणि कारच्या रॅकची चाल कमी, त्यामुळे चाकं पूर्ण वळत नाहीत आणि गाडीला वळायला मोठी जागा लागते, हे गाडी बाहेर काढल्यावर कळण्यापेक्षा कागदावर आधीच मोजून घ्यावं. इंजिनखालच्या ऑइल चेंबरला आणि इंजिनच्या पुढच्या टोकाच्या हार्मोनिक बॅलन्सरला रॅक अडतोय का तेही बघावं.

स्टिअरिंग कॉलमकडे, म्हणजे स्टिअरिंगपासून खाली येणाऱ्या भागाकडे, सगळ्यात कमी लक्ष जातं आणि ते चूक आहे, कारण बऱ्याच जुन्या ट्रकमध्ये बॉक्सपासून स्टिअरिंगपर्यंत एकच सरळ शाफ्ट असतो आणि समोरून धडक बसली तर तो चालकाच्या छातीकडे येतो. शाफ्ट कापायचाच आहे तर दबणारा कॉलम किंवा निदान एकात एक सरकणारा शाफ्ट घालावा. दोन युनिव्हर्सल जॉइंट असतील तर त्यांचे योक (जॉइंटचे दुबेळके भाग) एका रेषेत ठेवावेत, नाहीतर स्टिअरिंग फिरताना जड-हलकं जड-हलकं लागतं, आणि तीन जॉइंट झाले तर मध्ये सपोर्ट बेअरिंग लागतंच. पॉवर रॅक असेल तर पंपाचं प्रेशर त्या रॅकला साजेसं करून घ्यावं, जुन्या बॉक्ससाठीचा पंप तसाच जोडला तर स्टिअरिंग इतकं हलकं होतं की हायवेवर गाडी सरळ ठेवताना हात थकतात.

आणि जड माल वाहणारी गाडी असेल तर हे करूच नये. रस्त्याचा धक्का रॅकमधून सरळ हातात येतो, बॉक्समध्ये तो बराच मुरतो. पुष्कळदा किंगपिन (ज्या खिळीवर चाक वळतं ती), टाय रॉडचे एंड आणि बॉक्सची अ‍ॅडजस्टमेंट नीट केली की जुनी गाडी पुरेशी सरळ चालते, त्यामुळे आधी ते करून बघावं.

बसवल्यानंतर तपासणी अशी: स्प्रिंग काढायची, गाडी स्टँडवर ठेवायची, स्टिअरिंग सरळ लॉक करायचं, मग जॅकने चाक पूर्ण चालीत वरखाली नेत प्रत्येक टप्प्यावर टो (वरून बघताना चाक किती आत किंवा बाहेर वळलेलं आहे ते) मोजायचा. टो बदलत असेल तर रॅक वर-खाली करून परत मोजायचं, आणि रॅकचे ब्रॅकेट तोपर्यंत फक्त टॅक केलेले (तात्पुरत्या ठिपक्यांनी वेल्ड केलेले) ठेवायचे, पूर्ण वेल्डिंग सगळ्यात शेवटी.