ग्राफिक्स ड्रायव्हरमधली ‘लीक’: गळणं आणि फुटणं एक नव्हे

ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये, म्हणजे ग्राफिक्स चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ‘लीक’ सापडल्याची बातमी आली की पाठोपाठ इशारा ठरलेला: तुमचे फोटो, पासवर्ड धोक्यात. मूळ नोंद उघडून पाहावी, तर ती भलत्याच जातीची लीक असते. इंग्रजीत शब्द एकच, पण मराठीत दोन आयते आहेत. पाणी गळतं, पेपर फुटतो. रिसोर्स लीक (घेतलेली मेमरी परत न मिळणं) म्हणजे गळणं, इन्फर्मेशन लीक (माहिती भलत्याच्या हाती लागणं) म्हणजे फुटणं. मी हेच शब्द वापरतो.

फुटणं सगळ्यांना कळतं. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेलं ‘लेफ्टओव्हरलोकल्स’ आठवा: ॲपल, एएमडी, क्वालकॉमच्या काही जीपीयूंमध्ये, म्हणजे ग्राफिक्स चिपांमध्ये, एका प्रोग्रॅमने लोकल मेमरीत मागे ठेवलेला डेटा दुसऱ्याला वाचता येत होता.

गळण्यात मात्र कोणाला काहीच दिसत नाही. ड्रायव्हर एका बफरचा (मेमरीच्या तुकड्याचा) रेफरन्स काउंट, म्हणजे तो किती जण वापरताहेत याचा आकडा, एकने वाढवतो. पुढची पायरी फसते, फंक्शन एरर देऊन परत फिरतं आणि वाढवलेला एक कमी करायचा राहून जातो. आता काउंट कधीच शून्यावर येणार नाही, म्हणून बफरही मोकळा होणार नाही. साध्या प्रोग्रॅमची गळती तो प्रोग्रॅम बंद करताच संपते, कारण त्याची मेमरी ऑपरेटिंग सिस्टिम काढून घेते. इथे हिशेब खुद्द कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, चुकलेला असतो. प्रोग्रॅम मारला तरी तो बफर अडकलेलाच, बहुतेक वेळा रीबूटपर्यंत. एखाद्याने तीच एरर मुद्दाम लाखो वेळा घडवली, तर मेमरी संपून मशीन आडवं होतं. लिनक्समधल्या एएमडी डिस्प्ले ड्रायव्हरची सीव्हीई-२०१९-१९०८३ ही नोंद (सीव्हीई म्हणजे सुरक्षा-त्रुटींची जाहीर यादी) गळतीचीच आहे, आणि तिच्यात परिणामही मेमरी खाऊन सेवा बंद पाडणं एवढाच दिला आहे.

उपायही वेगळे. फुटणं थांबवायला मेमरी दुसऱ्याच्या हाती देण्याआधी पुसावी लागते. गळतीवर ‘बफर शून्याने भरा’ असा सल्ला पाहिला की मला राहवत नाही. जो बफर परतच येत नाही, तो पुसून काय मिळणार? तिथे एरर-पाथमध्ये, म्हणजे चूक झाल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये, राहिलेली ‘पुट’ची (काउंट एकने कमी करणारी) ओळ घालायची असते.

म्हणून गळती किरकोळ, असंही समजू नका. काउंटर ३२ बिटांचा असेल आणि त्याला मर्यादा घातली नसेल, तर सुमारे ४२९ कोटी गळत्यांनंतर तो फिरून शून्यावर येतो. मग वापरात असलेला बफरच मोकळा केला जातो आणि ‘यूज-आफ्टर-फ्री’चं, म्हणजे मोकळी केलेली मेमरी वापरली जाण्याचं, दार उघडतं. यासाठीच २०१७ च्या लिनक्स ४.११ मध्ये ‘रेफकाउंट-टी’ हा काउंटरचा नवा प्रकार आला. तो ओसंडायला लागला की एका ठरावीक आकड्यावर अडकतो आणि ती वस्तू पुन्हा कधीच मोकळी करत नाही. कर्नलवाल्यांनी तिथे जाणूनबुजून गळती पत्करली आहे.