पोझिंग (व्हिडिओ गेम)

व्हिडिओ गेममधले पात्र हव्या त्या पवित्र्यात बसवून त्याचा स्क्रीनशॉट घेणे, याला पोझिंग म्हणतात. अनेक गेमच्या फोटो मोडमध्ये तयार पोझ यादीतून निवडता येतात. 'स्कायरिम'सारख्या गेममध्ये कन्सोलवर (कमांड टाइप करण्याच्या खिडकीत) 'टीएफसी १' ही कमांड दिली की खेळ गोठतो आणि कॅमेरा मोकळा होतो, पण पात्र त्या क्षणी जसे असेल तसेच राहते. सांधा न् सांधा हाताने वळवायचा तर वेगळी साधने लागतात. २००४ मध्ये 'हाफ-लाइफ २' या गेमचा मॉड (चाहत्याने केलेला बदल) म्हणून आलेला आणि २००६ पासून स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात विकला जाणारा 'गॅरीज मॉड', तसेच व्हॉल्व कंपनीचे २०१२ मधील 'सोर्स फिल्ममेकर' ही त्यांतली प्रसिद्ध नावे.

'गॅरीज मॉड'मध्ये पात्र रॅगडॉल असते, म्हणजे सांध्यांनी जोडलेले पण अंगात जीव नसलेले शरीर. फिजिक्स गन या गेममधल्या वस्तू उचलण्याच्या साधनाने डावे बटण दाबून अवयव धरायचा, माउसच्या चाकाने तो जवळ-लांब करायचा, 'ई' दाबून फिरवायचा आणि उजव्या बटणाने तिथेच गोठवायचा. 'आर' कळ गोठवलेले सोडवते. ती पटकन दोनदा दाबली तर गोठवलेले सगळेच सुटते आणि बराच वेळ जुळवलेली पोझ क्षणात जमिनीवर कोसळते. म्हणून मधूनमधून सेव्ह करावे.

क्रम आतून बाहेर: आधी कंबर, मग पावले, छाती, डोके आणि शेवटी हात. हात गोठवून नंतर कंबर हलवली तर मधले सांधे दोन्हीकडून ताणले जातात. मॉडेल थरथरते, नाहीतर कोपर भलतीकडे वळतो. 'सोर्स फिल्ममेकर'मध्ये भौतिकी (वजन, ताण यांचे अनुकरण) नाही, तरी क्रम हाच, कारण मूळ हाड फिरवले की त्याच्या पुढची सगळी हाडे सोबत फिरतात आणि आधी केलेले काम बिघडते.

नवख्यांच्या पोझ बहुधा कमरेतच फसतात. हात छान वळवलेले असतात, पण कंबर आणि खांदे पट्टी लावल्यासारखे समांतर राहतात, त्यामुळे पात्र उभे न वाटता टांगलेले वाटते. एका पायावर भार असेल तर त्या बाजूची कंबर वर उचलली जाते आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. पाच ते दहा अंशांचा कल बहुतेक वेळा पुरतो. भार खरोखर त्या पायावर आहे का, हे पाहायला मानेच्या खळगीतून सरळ खाली ओळंबा कल्पावा. तो त्या पावलाजवळ पडला पाहिजे. धावणाऱ्या किंवा झेपावणाऱ्या पात्राला हा नियम लागू नाही, तिथे तोल मुद्दाम पुढे जाऊ द्यावा.

मनगट एकट्याने १८० अंश फिरवले की त्या जागी कातडी पिळलेल्या कागदासारखी आवळते, कारण तिथली जाळी (मॉडेलचा बाहेरचा पृष्ठभाग) दोन हाडांच्या मधल्या स्थितीवर बेतलेली असते. पीळ खांदा, पुढचा हात आणि मनगट यांत वाटून द्यावा. रॅगडॉलच्या भौतिकीत बोटे येत नाहीत, त्यांच्यासाठी 'फिंगर पोझर' हे वेगळे टूल आहे. तर्जनीपासून करंगळीकडे वाकण वाढवत न्यावी. चेहऱ्याचे स्लायडर टोकाला नेऊ नयेत. हसू फक्त ओठांवर असले तर खोटे दिसते, खालची पापणीही किंचित उचलावी. नजर कुठे तरी रोखलेली हवी, नाहीतर बाकी सगळे जमूनही पात्र बाहुलीच राहते.

कॅमेरा पोझ पूर्ण होण्याआधीच बसवावा. खेळताना असणाऱ्या ७५ ते ९० अंशांच्या दृष्टिक्षेत्रात जवळून टिपलेला चेहरा नाकाशी फुगतो. मागे सरकून ते २० ते ३५ अंशांवर आणावे. दिवे बंद करून छायाकृती पाहावी. हात धडात विरघळत असेल तर कोपर बाहेर काढावा. चौकटीत जे दिसत नाही ते दुरुस्त करण्यात वेळ घालवू नये. पावले मात्र कॅमेरा जमिनीलगत नेऊन तपासावीत. तरंगणारा तळवा सावली सुटलेली दिसल्यावर लगेच उघडा पडतो. कपडा मांडीत घुसत असेल आणि तो भाग वळवता येत नसेल, तर कॅमेरा थोडा फिरवणे किंवा पुढे एखादी वस्तू ठेवणे सर्वांत स्वस्त पडते.