जॉर्जियन ‘फुरी’: एका मादीवाचक शब्दाची पार्श्वभूमी

जॉर्जियन भाषेत व्याकरणातले लिंग नाही. तो, ती, ते या तिन्हींना एकच सर्वनाम चालते. पण दुभते जनावर कोणते आणि औताचे कोणते, हे गुरे पाळणाऱ्याला सांगावेच लागते. ही सोय जॉर्जियनने गोठ्यातल्या शब्दांनी केली. ‘फुरी’ हा त्यातला जुना शब्द.

फुरी म्हणजे मुळात गाय आणि ‘खारी’ म्हणजे बैल. ही जोडी पुढे रानातही गेली. ‘इरेमी’ म्हणजे हरीण. त्यातली मादी ‘फुरिरेमी’, नर ‘खारिरेमी’. म्हैस झाली ‘फुरकामेची’. यातला ‘कामेची’ फारसी ‘गावमेश’च्या घराण्यातला, आणि त्या ‘गाव’चे आपल्या ‘गो’शी सख्खे नाते आहे. फुरी मात्र अस्सल कार्तवेली, म्हणजे जॉर्जियनच्या स्वतःच्या भाषाकुळातली. तुर्कस्तानच्या काळ्या समुद्राकाठी बोलल्या जाणाऱ्या लाझ या भगिनीभाषेत गायीला ‘फुजी’ म्हणतात. शब्दाचे वय ठरवायला मला हाच पुरावा सर्वांत मोलाचा वाटतो: या दोन भाषा वेगळ्या होण्याआधीपासून तो चालत आला आहे.

सगळ्याच माद्यांना फुरी लावत नाहीत. सिंहीण म्हणजे ‘जू लोमी’ (ज ‘जाड’मधला). पक्ष्यांची मादी ‘देदाली’ आणि नर ‘मामाली’. कारण ‘देदा’ म्हणजे आई आणि ‘मामा’ म्हणजे, होय, बाप! आपणही म्हैस-रेडा, शेळी-बोकड असे वेगळे शब्द वापरतो. पण हरिणीला गायीच्या नावाने ओळखायची ही रीत मला फार देखणी वाटते.

उच्चार जपायला हवा. रोमन लिपीत हा शब्द आणि भाकरीचा शब्द बहुधा सारखेच लिहिले जातात. तोंडासमोर तळहात धरा: गायीच्या ‘फुरी’त ओठ न घासता सोडलेला जुना फ आहे, त्याचा श्वास हाताला लागतो. भाकरीच्या ‘पुरी’तला प श्वास अडवून झटक्यात फुटतो, हाताला जवळजवळ काही जाणवत नाही. देवनागरीत हा फरक आपोआप दिसतो.

आज गायीसाठी रोजचा शब्द ‘ज्रोखा’ (ज पुन्हा ‘जाड’मधला), जुन्या जॉर्जियनमध्ये ‘झ्रोखा’. फुरी आता मुख्यतः जोडशब्दांत भेटते, विशेषतः हरिणीच्या नावात.