घरगुती थर्मोस्टॅट

घरातील हवेचे तापमान ठरावीक पातळीवर राहावे म्हणून तापन किंवा शीतन यंत्रणा आपोआप चालू-बंद करणारे उपकरण. भट्टी, बॉयलर, हीट पंप (बाहेरची उष्णता आत आणणारे यंत्र) किंवा मध्यवर्ती वातानुकूलन यंत्रणा यांना जोडलेला भिंतीवरचा नियंत्रक या नोंदीत अभिप्रेत आहे. इस्त्री, पाणी तापवण्याची टाकी किंवा मोटारीचे एंजिन यांतील थर्मोस्टॅट तत्त्वाने जवळचे असले, तरी त्यांचा विचार येथे केलेला नाही.

कार्यतत्त्व : थर्मोस्टॅट खोलीचे तापमान ओळखतो, ते वापरणाऱ्याने ठरवलेल्या इष्ट तापमानाशी ताडून पाहतो आणि तफावतीनुसार यंत्रणेला आज्ञा देतो. त्या आज्ञेमुळे खोलीचे तापमान बदलते आणि हा बदल पुन्हा थर्मोस्टॅटलाच जाणवतो. कार्याचा परिणाम कारणाकडे परत आणणाऱ्या या बंद साखळीला प्रत्याभरण (फीडबॅक) म्हणतात. अमेरिकन गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८ मध्ये सायबरनेटिक्सची (नियंत्रण व संदेशवहन यांच्या शास्त्राची) मांडणी करताना घरगुती थर्मोस्टॅटचे उदाहरण घेतले होते आणि तेव्हापासून ते पाठ्यपुस्तकांत रूढ झाले.

साधा थर्मोस्टॅट हा स्विच आहे, नळ नव्हे. थंड खोलीत १८° से. ऐवजी ३०° से. लावले म्हणून एकाच वेगाने जळणारी भट्टी अधिक जोराने जळत नाही. ती जास्त वेळ जळत राहते एवढेच. मानवशास्त्रज्ञ विलेट केम्प्टन यांनी १९८६ मध्ये अमेरिकेतील घरांच्या अभ्यासातून दाखवले, की लोकांच्या मनात थर्मोस्टॅटविषयी दोन निरनिराळी चित्रे असतात: एक झडपेचे, दुसरे प्रत्याभरणाचे. झडपेची कल्पना तांत्रिक दृष्ट्या चुकीची असली, तरी आकडा वाढवला की इंधन जास्त लागते हे त्या कल्पनेनेही बरोबर कळते, याची नोंद त्यांनी घेतली आहे. दोन टप्प्यांच्या भट्ट्या व पूरक तापक असलेले हीट पंप यांना हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही. तफावत मोठी दिसली की त्यांचा दुसरा टप्पा सुरू होतो आणि तापन खरोखरच वेगाने होते.

शोधाचा प्रश्न : थर्मोस्टॅटचा जनक कोण, याची उत्तरे वेगवेगळी दिली जातात. मतभेदाचे मूळ बहुतांशी व्याख्येत आहे. तापमान ओळखणारा घटक महत्त्वाचा मानला तर एक नाव पुढे येते, साखळी माणसाच्या मदतीविना बंद होणे महत्त्वाचे मानले तर दुसरे.

सर्वांत जुना दावा कोर्नेलिस ड्रेबेल (१५७२–१६३३) या डच संशोधकाचा. आल्कमार येथे जन्मलेला ड्रेबेल पुढे इंग्लंडच्या राजाच्या आश्रयाला होता. बहुधा १६२० च्या सुमारास त्याने रासायनिक प्रयोगांची भट्टी आणि अंडी उबवण्याची पेटी यांसाठी स्वयंचलित तापनियंत्रण योजले. बंद पात्रातले अल्कोहॉल तापून प्रसरण पावे, त्याने पारा वर ढकलला जाई आणि पाऱ्यावर तरंगणारी दांडी धुराची वा हवेची झडप लोटून घेई. भट्टी निवली की क्रिया उलट होई. या रचनेची माहिती मुख्यतः समकालीनांच्या टिपणांतून आणि त्याच्या जावयांकडून, म्हणजे कुफ्लर बंधूंकडून, पुढे आलेल्या वर्णनांतून मिळते. त्यामुळे नेमके वर्ष सांगणे धाडसाचे ठरेल. नियंत्रणशास्त्राचे इतिहासकार ऑटो मायर यांनी मात्र ड्रेबेलच्या उपकरणाला अर्वाचीन युरोपात स्वतंत्रपणे निर्माण झालेल्या पहिल्या प्रत्याभरण यंत्रणेचा मान दिला आहे. तापमानाने स्वतःच आग आवरणे ही कसोटी लावली, तर हे मत ग्राह्य वाटते.

दुसरा दावा फ्रान्समधील बॉनमँ याचा. गरम पाणी नळांतून खेळवून अंडी उबवण्याची व्यवस्था त्याने १७७७ च्या सुमारास उभारली व १७८३ मध्ये नियंत्रकाचे एकस्व (पेटंट) घेतले. शिशाच्या नळीत लोखंडी दांडी, अशी त्याची रचना होती. शिसे लोखंडापेक्षा सुमारे अडीच पट प्रसरण पावते. या फरकाने तरफ हलून बॉयलरच्या हवेचे दार कमी-जास्त उघडे. तापवलेले पाणी, नळांचे जाळे आणि नियंत्रक असलेला बॉयलर हे आजच्या घरगुती तापनाचे तिन्ही घटक येथे एकत्र दिसतात. ड्रेबेलच्या मानाने बॉनमँची उपेक्षा झाली आहे, असे म्हणावे लागते.

स्कॉटिश रसायनज्ञ अँड्र्यू युअर याने १८३० मध्ये द्विधातू पट्टीच्या, म्हणजे वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंच्या जोडपट्टीच्या, नियंत्रकाचे एकस्व घेतले. थर्मोस्टॅट हे नावही त्याचेच. अनेक लोकप्रिय ग्रंथांत याच आधारावर त्याला जनकत्व दिले जाते. मात्र द्विधातू पट्टी त्याआधीची आहे: जॉन हॅरिसन याने अठराव्या शतकाच्या मध्याला सागरी कालमापकात तापमानामुळे पडणारा फरक भरून काढण्यासाठी ती वापरली होती. युअरचे श्रेय पट्टीचा वापर नियंत्रणासाठी करण्याचे आहे. त्याची योजना कारखान्यांतील व आसवनासारख्या प्रक्रियांसाठी होती, घरासाठी नव्हे.

विजेच्या थर्मोस्टॅटबाबतही असाच वाद आहे. विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथील अध्यापक वॉरन जॉन्सन यांना १८८३ मध्ये 'इलेक्ट्रिक टेलिथर्मोस्कोप'चे एकस्व मिळाले व १८८५ मध्ये मिलवॉकी येथे त्यांची कंपनी स्थापन झाली. त्यांना खोलीच्या थर्मोस्टॅटचे संशोधक म्हटले जाते. परंतु मूळ उपकरण वर्गातील तापमान बदलले की तळघरातील शिपायाला सूचना देई आणि झडप शिपायाने हलवायची असे. साखळीतील एक दुवा माणूसच होता. मिनीॲपोलिस येथील आल्बर्ट बुट्झ याच्या १८८०च्या दशकाच्या मध्यावरील रचनेत तो दुवा गळाला: खोली थंड होताच विद्युत् मंडल पूर्ण होई, मोटर फिरे आणि साखळीने कोळशाच्या भट्टीची झडप उचलली जाई. घरगुती थर्मोस्टॅटचा प्रारंभ येथून धरणे अधिक युक्त वाटते. बुट्झच्या उद्योगाचे धागे पुढे, १९२७ च्या विलीनीकरणानंतर, मिनीॲपोलिस-हनीवेल कंपनीत जुळले.

घड्याळ जोडलेले थर्मोस्टॅट विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, साधारणपणे १९०६ च्या सुमारास, बाजारात आले. रात्री तापमान उतरवणे आणि पहाटे घरातील माणसे उठण्याआधी ते चढवणे एवढेच त्यांचे काम असे. आजच्या सगळ्या वेळापत्रकांचा गाभा तोच आहे. १९५३ मध्ये हेन्री ड्रायफस यांच्या आरेखनाचा गोल टी-८७ थर्मोस्टॅट आला. बाहेरचे कडे फिरवले की इष्ट तापमान बदले. आधी न शिकता वापरता येण्याच्या बाबतीत त्याच्या तोडीचे उपकरण पुढे क्वचितच झाले.

संवेदक आणि चालू-बंद अंतर : जुन्या थर्मोस्टॅटमध्ये द्विधातू पट्टीचे वेटोळे असते. पितळ व इन्व्हार ही जोडी प्रचलित आहे. शार्ल एद्वार गीयोम यांनी १८९६ मध्ये शोधलेली इन्व्हार ही लोह-निकेल मिश्रधातू तापल्यावर जवळजवळ प्रसरण पावत नाही, उलट पितळ त्याच्या दहापटींहून अधिक पावते. त्यामुळे पट्टी वाकते. वेटोळ्याच्या टोकाशी पाऱ्याची काचनळी बसवलेली असे. ती कलली की पारा सरकून दोन तारा जोडी. ठिणगी बंद नळीत राहिल्याने स्पर्शक गंजत नसत. आधुनिक उपकरणांत थर्मिस्टर हा अर्धसंवाहक घटक असतो. तापमान वाढले की त्याचा विद्युत् रोध घटतो आणि सूक्ष्मप्रक्रियक त्यावरून तापमान काढतो.

यंत्रणा ज्या तापमानाला चालू होते त्याच तापमानाला बंद झाली, तर ती क्षणाक्षणाला फडफडेल. म्हणून दोन्हींत साधारण अर्धा ते एक अंश से. अंतर ठेवतात. तरीही एक अडचण उरते. बर्नर विझल्यावरही भट्टीच्या धातूत उष्णता साठलेली असते व पंखा ती खोलीत ढकलत राहतो. परिणामी खोली इष्ट तापमान ओलांडून पुढे जाते. यावर जुना उपाय 'हीट अँटिसिपेटर' हा होता. वेटोळ्याजवळ बारीक रोधतार बसवलेली असे. भट्टी पेटताच तीतून प्रवाह वाहून ती किंचित तापे, वेटोळ्याला खोली प्रत्यक्षाहून ऊबदार भासे आणि भट्टी थोडी आधीच बंद होई. तारेवरचा काटा अँपिअरमध्ये आखलेला असे आणि तो गॅसच्या झडपेच्या प्रवाहाशी जुळवावा लागे. काटा चुकला की भट्टी एक तर वारंवार पेटे, नाही तर खोली कधी फार तापे, कधी फार निवे.

अंकीय थर्मोस्टॅटमध्ये हे काम 'ताशी आवर्तने', म्हणजे यंत्रणा तासाला किती वेळा चालू-बंद व्हावी, या मांडणीने होते. यंत्रणेच्या जडपणानुसार आकडा निवडतात: वाफेच्या तापनाला ताशी १, गरम पाण्याच्या किंवा उच्च कार्यक्षमतेच्या भट्टीला ३, साध्या गॅस भट्टीला ५ आणि विद्युत् भट्टीला ९ अशा शिफारशी आढळतात. ही मांडणी बहुधा तंत्रज्ञांच्या गुप्त यादीत दडलेली असते. घरमालक इष्ट तापमान पुन्हा पुन्हा बदलत राहतो, पण त्याच्या त्रासाचे कारण पुष्कळदा हा एक आकडा असतो. शीतनाच्या बाजूने कॉम्प्रेसर बंद झाल्यावर सुमारे पाच मिनिटे पुन्हा सुरू होऊ देत नाहीत, कारण दाब समान होण्याआधी चालू केल्यास त्यावर ताण येतो. आकडा खाली आणूनही शीतन लगेच सुरू झाले नाही, तर उपकरण बिघडले असे समजू नये.

वेळापत्रक : दिवसाचे चार भाग करण्याची पद्धत रूढ आहे: उठणे, बाहेर जाणे, परतणे आणि झोपणे. प्रत्येक भागाला सुरू होण्याची वेळ, तापनाचे तापमान व शीतनाचे तापमान द्यायचे असते. सात दिवस स्वतंत्र, पाच अधिक दोन, किंवा पाच अधिक एक अधिक एक अशा साप्ताहिक विभागण्या मिळतात. घड्याळ आणि वार आधी लावावे. ते चुकले तर पुढचे सगळे चुकते.

उठण्याची वेळ ६ व तापमान २१° से. लिहिले, तर त्याचे दोन अर्थ होऊ शकतात: सहाला भट्टी पेटेल, किंवा सहापर्यंत खोली २१ अंशांवर पोचलेली असेल. दुसऱ्या अर्थाने चालणारे उपकरण घर किती वेगाने तापते हे मागच्या अनुभवावरून शिकते व तेवढे आधी सुरू होते. पुस्तिका पाहून आपले उपकरण कोणत्या जातीचे आहे हे एकदा जाणून घेणे अगत्याचे आहे. अन्यथा अर्ध्या-एक तासाची गफलत रोज होत राहते. हाताने लावलेले तापमान धरून ठेवणारा तात्पुरता 'होल्ड' पुढच्या भागापर्यंतच टिकतो, तर कायमचा 'होल्ड' रद्द करेपर्यंत सारे वेळापत्रक बाजूला ठेवतो. तापन-शीतन आपोआप बदलणाऱ्या 'ऑटो' स्थितीत दोन्ही तापमानांमध्ये काही अंशांचा मोकळा पट्टा सोडावा लागतो, नाहीतर दोन्ही यंत्रणा एकमेकींचे काम खोडून काढतील.

घरातून बाहेर जाणारी उष्णता आतल्या-बाहेरच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असते. त्यामुळे घर जितका काळ कमी तापलेले, तितकी गळती कमी. पुन्हा तापवायला वाचवल्यापेक्षा जास्त इंधन लागते, ही समजूत साध्या भट्टीबाबत निराधार आहे. रोज ८ तास ७ ते १० अंश फॅरेनहाइटने (सुमारे ४ ते ५.५° से.) तापमान उतरवल्यास वर्षाकाठी १० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते, असा अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा अंदाज आहे. मोठा अपवाद हीट पंपाचा: मोठ्या चढणीसाठी पूरक विद्युत् तापक सुरू झाले, तर बचत त्यांच्यातच खर्ची पडते. घराच्या जाड फरशीखाली बसवलेल्या तापनाला प्रतिसाद द्यायलाच तास लागतात, म्हणून तेथेही उतार अल्प ठेवतात.

प्रत्यक्ष बचत कागदावरच्या बचतीइतकी दिसत नाही. प्रोग्रॅम होणाऱ्या थर्मोस्टॅटना दिली जाणारी 'एनर्जी स्टार' ही ऊर्जाबचतीची अमेरिकी मान्यता २००९ च्या अखेरीस थांबवण्यात आली. अनेक घरांत वेळापत्रक लावलेच जात नव्हते किंवा कायमच्या होल्डने ते निष्प्रभ केले जात होते. दोष वापरणाऱ्यांच्या आळसापेक्षा बारीक बटणे व दुर्बोध चिन्हे यांचा अधिक असावा. २०११ मध्ये आलेल्या 'नेस्ट' या थर्मोस्टॅटने हाताने केलेल्या बदलांवरून वेळापत्रक स्वतः रचण्याचा मार्ग निवडला. घरातील वावर, मोबाइलचे स्थान आणि दूरच्या खोल्यांतील संवेदक यांचा आधारही आता घेतला जातो.

जोडणी व जागा : उत्तर अमेरिकेतील मध्यवर्ती यंत्रणांत २४ व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह वापरतात. आर तारेने वीज येते. डब्ल्यू तापनाची, वाय शीतनाची, जी पंख्याची तार आणि सी ही परतीची सामाईक तार. जुन्या घरांत सी तार नसते, त्यामुळे वाय-फाय थर्मोस्टॅटला पुरेशी वीज मिळत नाही. विद्युत् तापकांचे काही थर्मोस्टॅट थेट १२० किंवा २४० व्होल्टवर चालतात. त्यांच्या जागी कमी व्होल्टतेचे उपकरण बसवणे धोक्याचे आहे. युरोपात अनेक ठिकाणी प्रत्येक रेडिएटरवर स्वतंत्र थर्मोस्टॅटी झडप असते; ही रचना डॅनफॉस या डॅनिश कंपनीचे संस्थापक मॅड्स क्लाउसेन यांच्याकडे, १९४० च्या दशकाकडे, जाते.

नियंत्रक आतल्या भिंतीवर, जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर, ऊन, दिवे व हवेच्या झरोक्यांपासून दूर असावा. तारांसाठी पाडलेले भोक बुजवले नाही, तर भिंतीच्या पोकळीतली थंड हवा संवेदकावर येते व उपकरण खोलीऐवजी भिंतीचे तापमान मोजू लागते. जुना पाऱ्याचा थर्मोस्टॅट काढल्यावर तो केराच्या टोपलीत टाकू नये. एका काचनळीत साधारण ३ ग्रॅम पारा असतो. नळी न फोडता पाऱ्याच्या वस्तू स्वीकारणाऱ्या संकलन केंद्राकडे ती द्यावी.