तांब्याचं नाणं: मूळची लाली आणि घासून आणलेली लाली

जुन्या तांब्याच्या नाण्यावर लाली दिसली की दोन शक्यता असतात. टाकसाळीतून निघाल्यापासून ती टिकून राहिली असेल, नाहीतर कुणीतरी ती परत आणली असेल. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. नाणं हातात आलं की मी आधी लाली नेमकी कुठे आहे ते बघतो, कारण अर्धा निकाल तिथेच लागतो.

चलनात फिरताना नाण्याचे उंच भाग आधी झिजतात: चेहऱ्याचा गाल, कानावरचे केस, किनार. बोटांचा घाम आणि तेलकटपणा तिथेच लागतो, त्यामुळे तपकिरीपणाही तिथूनच सुरू होतो. अक्षरांच्या बेचक्यांत आणि सालाच्या आकड्यांच्या आडोशाला बोट पोचत नाही, म्हणून मूळची लाली तिथे शेवटपर्यंत तग धरते. फडक्याने घासलेल्या नाण्यावर बरोबर उलटं दिसतं. गाल चकचकीत आणि बेचक्यांत काळपट मळ, कारण फडकंही आत पोचत नाही. आम्लात बुडवलेलं नाणं याहून वेगळं: ते सगळीकडे एकसारखं लाल असतं, अगदी झिजलेल्या गालावरसुद्धा. गाल झिजला म्हणजे टाकसाळीतून आलेला वरचा पृष्ठभाग गेला. मग त्या जागी मूळची लाली असेल कशी?

रंगाची छटाही वेगळी. मूळची लाली नारिंगीकडे झुकते आणि वयाबरोबर मंदावते. लिंबू, व्हिनेगर किंवा तयार द्रावणातून काढलेलं नाणं फिकट गुलाबी दिसतं, सालपट काढल्यासारखं. नाण्यावरचा तपकिरी थर म्हणजे बाहेरून बसलेली धूळ नसते. नाण्याचंच तांबं हवेशी संयोग पावून तो तयार होतो. आम्ल तो थर विरघळवतं तेव्हा तेवढं तांबं कायमचं जातं आणि खाली सूक्ष्म खड्डे पडलेला भाग उघडा पडतो.

आता दिव्याकडे या. एकच दिवा हवा, ट्यूबलाइट नको. टाकसाळीत ठशाचा, म्हणजे चित्र उलटं कोरलेल्या पोलादी साच्याचा, दाब पडतो तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. न झिजलेलं नाणं दिव्याखाली तिरकं धरून फिरवलं की या रेषांमुळे प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरतात. पॉलिश केलेलं नाणं चमकतं, पण पट्टे फिरत नाहीत. आम्ल रेषाच खाऊन टाकतं, त्यामुळे लाल असूनही ते नाणं निर्जीव वाटतं. मात्र झिजलेल्या नाण्यावर पट्टे नसले तर तो सफाईचा पुरावा धरू नका. झिजेनेही ते जातातच.

नवखे सगळ्यात जास्त फसतात ते बारीक रेघांवर. मीही फसलोय: एक चांगलं नाणं ‘घासलेलं’ म्हणून परत केलं आणि नंतर हळहळत बसलो. टाकसाळीत ठसा गुळगुळीत करताना त्यावर ओरखडे पडतात. ठशावरची खोलगट रेघ नाण्यावर उंचवटा होऊन येते. शिवाय चित्राचा आणि अक्षरांचा भाग ठशात खोल असल्याने पॉलिश तिथे सहसा पोचत नाही. म्हणून अशा रेघा मोकळ्या जागेत धावतात आणि अक्षराच्या कडेशी थांबतात. फडक्याची किंवा ब्रशची रेघ धातूत कोरलेली असते आणि मोकळ्या जागेतून थेट अक्षरावर चढते. अशा रेघा एकमेकींना समांतर, झुबक्याने असतात. चलनातले ओरखडे कुठल्याही दिशेला, सुटेसुटे. दहापट भिंग पुरतं.

तपकिरी नाण्यालाही सरसकट पास करू नका. घासलेलं नाणं गंधकयुक्त रसायनाने किंवा तापवून पुन्हा काळपट करतात. असा रंग बऱ्याचदा सपाट, रंगवल्यासारखा असतो, कधी त्यात जांभळट झाक येते. नैसर्गिक तपकिरीत उंच आणि खोल भागांत छटा बदलत जाते.

१९४९ मध्ये विल्यम शेल्डन या अमेरिकी नाणे-अभ्यासकाने नाण्यांच्या स्थितीसाठी १ ते ७० ही प्रतवारी मांडली, तीच मुळी अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी. आजही तांब्याच्या नाण्यांना प्रत देताना लाल, लाल-तपकिरी, तपकिरी असा शेरा वेगळा देतात. आक्रमकपणे साफ केलेल्या नाण्याला तर बऱ्याचदा आकडा न देता ‘साफ केलेलं’ असा शेरा मिळतो. जमिनीतून निघालेल्या नाण्यांना हा नियम लावणं मला अन्यायाचं वाटतं. माती काढल्याशिवाय ती वाचताच येत नाहीत. तिथे फक्त तपकिरी किंवा हिरवा घट्ट थर शाबूत ठेवलाय का, एवढंच बघावं.

खरी कठीण केस जुन्या सफाईची. शाळेत असताना मी एक नाणं लिंबाने आणि फडक्याने लख्ख केलं होतं. तीसेक वर्षांत ते पुन्हा छान तपकिरी झालंय, बेचक्यांत थोडी गडद छटाही आलीय. टेबलावर ठेवलं तर कुणी बोट ठेवणार नाही. दिव्याखाली तिरकं धरलं की मात्र तपकिरीच्या खालून रेघांचा एक झुबका उजळतो, सालाच्या शेवटच्या आकड्यापासून निघून नाकावरून पलीकडे गेलेला.