हॉगवर्ट्सबाहेरची पात्रं आणि चार हाउसं : एका वाटणीची पार्श्वभूमी

हॅरी पॉटरच्या कथांतल्या हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेत विद्यार्थ्यांची चार हाउसांत, म्हणजे गटांत, वाटणी होते: शूरांचं ग्रिफिंडोर, बुद्धिमंतांचं रेव्हनक्लॉ, निष्ठावंतांचं हफलपफ आणि धूर्त, महत्त्वाकांक्षी मंडळींचं स्लिदरिन. वाचक हीच वाटणी इतर कथांतल्या पात्रांनाही लावतात. शेरलॉक होम्सला रेव्हनक्लॉमध्ये घालायचं की स्लिदरिनमध्ये, हा वाद वर्षानुवर्षं मिटलेला नाही. ‘हंगर गेम्स’मधल्या कॅटनिसला ग्रिफिंडोर म्हणणारे आणि तिला ठामपणे स्लिदरिन ठरवणारे एकमेकांचं ऐकून घ्यायला तयार नसतात. हॉगवर्ट्सशी काडीचाही संबंध नसलेल्या पात्रांवरून वाचक इतके हमरीतुमरीवर का येतात, हे समजून घ्यायचं तर ही वाटणी कशी बदलत गेली ते पाहावं लागतं.

पात्रांचे प्रकार पाडणं जुनंच आहे. आपल्याकडच्या नाट्यशास्त्राच्या परंपरेत नायक धीरोदात्त, धीरललित, धीरोद्धत आणि धीरप्रशांत असे चार प्रकारचे असतात. ग्रीकांनी शरीरातल्या चार द्रवांवरून माणसाचे चार स्वभाव मांडले. पण हे साचे अभ्यासकांनी बाहेरून लावलेले होते. एका कल्पित जगातलीच व्यवस्था उचलून दुसऱ्या कल्पित जगाला लावण्याचं ठळक उदाहरण म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ. १९७४च्या त्याच्या मूळ नियमांत पात्र सुव्यवस्थेच्या बाजूचं, अनागोंदीच्या बाजूचं किंवा तटस्थ असे. १९७८च्या खेळाडूंसाठीच्या पुस्तकात याला चांगल्या-वाईटाची दुसरी कसोटी पक्की जोडलेली होती आणि नऊ खणांचा तक्ता तयार झाला होता. पुढे हा तक्ता खेळाबाहेर पडला. आजही कुठल्याही मालिकेतले नऊ चेहरे त्यात बसवून लोक एकमेकांना पाठवत असतात.

जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेतलं पहिलं पुस्तक जून १९९७मध्ये आलं. वाटणीचा खेळ बहरला तो मात्र चौथ्या आणि पाचव्या पुस्तकांच्या मधल्या काळात. जुलै २००० ते जून २००३ अशी तब्बल तीन वर्षं वाचकांच्या हातात मालिकेतलं नवीन पुस्तक नव्हतं. त्या आणि त्यानंतरच्या काही वर्षांत ऑनलाइन जर्नलांवर असे गट होते, जिथे नव्या सदस्याला लांबलचक अर्ज भरावा लागे. तुला कशाची भीती वाटते, कुणाचा राग येतो, मित्र चुकला तर काय करशील, असे प्रश्न. मग जुने सदस्य मत देऊन त्याचं हाउस ठरवत. स्वतःला वाटून झाल्यावर आवडत्या पात्रांची पाळी येणं ओघानेच आलं. फॅनफिक्शन, म्हणजे आवडत्या पात्रांवर स्वतःच्या कथा, लिहिणाऱ्यांना तर याची गरजच होती. दुसऱ्या कथेतली मंडळी हॉगवर्ट्समध्ये आणायची तर पहिल्याच रात्री सॉर्टिंग हॅट, म्हणजे हाउस ठरवणारी जादूची टोपी, त्यांच्या डोक्यावर ठेवावी लागते.

या स्थलांतरात हाउसंच बदलली, आणि याची दखल फारशी घेतली जात नाही. मूळ कथेत स्लिदरिनचा एक निकष उघडउघड रक्ताच्या शुद्धतेचा आहे. पाचव्या पुस्तकातलं हॅटचं गाणं तो स्पष्ट सांगतं. क्रॅब आणि गॉयल या विद्यार्थ्यांकडे ना धूर्तपणा ना महत्त्वाकांक्षा, तरी ते तिथेच बसतात. पण होम्सच्या लंडनमध्ये किंवा कॅटनिसच्या पॅनेममध्ये जादूगारांची घराणीच नाहीत. तिथे हा निकष गळून पडला आणि स्लिदरिन म्हणजे निव्वळ महत्त्वाकांक्षा, हिकमत आणि आपल्या माणसांसाठी काहीही करण्याची तयारी, असं रूप उरलं. हफलपफचं उलट झालं. त्याच गाण्यात त्याची संस्थापिका ‘उरलेल्यांना’ घेणारी आहे; बाहेरच्या पात्रांना वाटताना मात्र कुणी कुणाला उरलंसुरलं म्हणून तिथे टाकत नाही. निष्ठा आणि न्यायबुद्धी शोधूनच पात्रं हफलपफला दिली जातात. माझ्या मते हफलपफला खरा मान मिळवून दिला तो या परक्या पात्रांनी.

खरा तंटा मात्र वेगळाच आहे. हाउस कशावरून ठरवायचं? पात्रात जो गुण दिसतो त्यावरून, की पात्राला जे मोलाचं वाटतं त्यावरून?

गुणवाद्यांचा मुद्दा सोपा आहे. हुशार तो रेव्हनक्लॉ, शूर तो ग्रिफिंडोर. हॅट डोक्यात डोकावून कुवत पाहते, हॅरीच्या बाबतीतही तिने ती पाहिली होती, आणि अकरा वर्षांच्या मुलाची मूल्यं अशी कितीशी ठरलेली असणार, असं ते म्हणतात. यात तथ्य नाही असं नाही. पण हा निकष मूळ पुस्तकांतच टिकत नाही. वर्गात सगळ्यांत हुशार हर्मायनी, आणि ती ग्रिफिंडोर. पहिल्या पुस्तकाच्या शेवटाकडे ती स्वतःच हुशारीपेक्षा मैत्री आणि धैर्य मोठं मानते. सावलीलाही बिचकणारा नेव्हिल ग्रिफिंडोर. वरच्या पदासाठी घरच्यांशी बोलणं टाकणारा पर्सीही ग्रिफिंडोर. आणि पीटर पेटिग्र्यू? मित्रांचा जीव घालवणारा हा भेकड माणूस तिथे कसा पोचला, याचं गुणवाद्यांकडे उत्तर नाही. मूल्यं पाहणाऱ्यांकडे आहे: त्याला शूरांचं आकर्षण होतं, त्यांच्यात गणलं जावं ही हौस होती, ती निभावण्याची ताकद नव्हती. दुसऱ्या पुस्तकात मुख्याध्यापक हॅरीची समजूत घालतात तीही याच अंगाने: तू ग्रिफिंडोरमध्ये आहेस, कारण तू स्लिदरिनला नको म्हणालास. सातव्याच्या अखेरीस हॅरी आपल्या धाकट्या मुलाला नेमकं हेच सांगतो.

दुसऱ्या जगातल्या पात्रांना हीच कसोटी लावली की चित्र स्वच्छ होतं. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला सॅमवाइज गॅमजी अक्राळविक्राळ कोळिणीशी एकटा भिडतो. गुण पाहिला तर तो ग्रिफिंडोर. तरीही त्याला हफलपफ म्हणण्यावर जवळपास सगळ्यांचं एकमत आहे, कारण तो जे करतो ते फ्रोडो या आपल्या मालकावरच्या निष्ठेपायी. म्हणजे गुणवादीसुद्धा मनापासून वाटू लागले की मूल्यांकडेच वळतात. होम्सचं पाहा. बुद्धी अफाट, म्हणून रेव्हनक्लॉ. पण १८८७मध्ये आलेल्या त्याच्या पहिल्याच कथेत पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे त्याला ठाऊक नसतं, आणि वॉटसनने सांगितल्यावर तो ते विसरून जायचा प्रयत्न करणार म्हणतो, कारण त्याच्या कामात त्याचा काही उपयोग नाही. ज्ञानासाठी ज्ञान हे ज्याला अडगळ वाटतं, तो रेव्हनक्लॉचा कसा? वेषांतरं, थापा, हवा तो मार्ग धरून सावज गाठणं, हे सगळं स्लिदरिनकडे बोट दाखवतं.

लेखिकेच्या ‘पॉटरमोर’ या अधिकृत संकेतस्थळाने हा वाद मिटवला असता, पण तसं झालं नाही. २०१२च्या एप्रिलमध्ये ते सर्वांना खुलं झालं आणि तिथल्या चाचणीचे प्रश्न लोकांनी बारकाईने तपासले. तुला सामान्य, अडाणी, भित्रा आणि स्वार्थी यांपैकी काय म्हटलेलं सगळ्यात जास्त झोंबेल, हा त्यातला एक. इतिहासाने तुला काय म्हणून ओळखावं, हा दुसरा. हे सरळसरळ मूल्यांचे प्रश्न आहेत. पण त्यांच्याच शेजारी पहाट की संध्याकाळ, जंगल की नदी असेही प्रश्न होते. २०१५मध्ये संकेतस्थळ नव्या रूपात आलं, पुन्हा चाचणी दिलेल्या कित्येकांचं हाउस बदललं, आणि अनेक वर्षं हफलपफचा पिवळा-काळा मफलर मिरवणाऱ्यांना अचानक स्लिदरिनचा हिरवा-चंदेरी पदरात पडला. त्यातून अधिकृत निकालाचा दबदबा ओसरला, आणि ते बरंच झालं असं मला वाटतं.

तोडगा निघाला तो टम्बलर या ब्लॉगांच्या संकेतस्थळावर, चाहत्यांकडूनच. एका पात्राला एक नव्हे, दोन हाउसं द्यायची: पहिलं ‘का’ वागतो यासाठी, दुसरं ‘कसं’ वागतो यासाठी. ‘का’च्या बाबतीत ग्रिफिंडोर मनाच्या कौलावर विसंबतो, रेव्हनक्लॉ विचार करून बांधलेल्या तत्त्वांवर, हफलपफ समुदायावर, तर स्लिदरिन मोजक्या आपल्या माणसांवर. ‘कसं’ पाहिलं तर ग्रिफिंडोर थेट अंगावर जातो, हफलपफ चिकाटीने राबतो, रेव्हनक्लॉ आधी तयारी करतो, स्लिदरिन ऐन वेळी वाट काढतो. जीवघेण्या खेळासाठी कॅटनिस बहिणीऐवजी स्वतः पुढे होते ती क्रांतीसाठी नाही, या बहिणीसाठी, प्रिमसाठी. तिचं ‘का’ स्लिदरिनचं आहे. तिला ग्रिफिंडोर म्हणणाऱ्यांना तिचं फक्त ‘कसं’ दिसत होतं. आपल्या फास्टर फेणेवरून असा वाद व्हायचा नाही. फुरसुंगीचा हा पोरगा अन्याय दिसला की हिशेब करत बसत नाही आणि लगेच उडी घेतो. का आणि कसं, दोन्हींचं उत्तर ग्रिफिंडोरच येतं.

२०२०मध्ये लेखिकेच्या ट्रान्स व्यक्तींविषयीच्या विधानांनंतर अनेक चाहते दुरावले. जुलैमध्ये दोन मोठ्या चाहता-संकेतस्थळांनी तिच्यापासून अंतर राखत असल्याचं जाहीर केलं. वाटणी मात्र थांबली नाही. दोन हाउसांची पद्धत वापरणाऱ्या गटांमध्ये आता हाउसांच्या नावांऐवजी त्यांच्या चिन्हांवरून सिंह, बिज्जू, पक्षी आणि साप असं म्हणतात. त्यामुळे हॅरी पॉटरचं एकही पुस्तक न उघडलेला माणूससुद्धा होम्सला साप ठरवून तावातावाने भांडू शकतो.